कर्करोगाच्या पेशीला म्हातारपण आणणारी औषधे

कर्करोगाचे औषध म्हणजे कर्करोगाच्या पेशी मारणारे औषध, असे आपण सगळे धरून चालतो. ज्याला आपल्या वस्त्यांत ‘किमो’ म्हणतात ते हेच काम करते. ते वेगाने वाढणाऱ्या पेशी मारते, म्हणून गाठ लहान होते. पण केसांच्या मुळांच्या, आतड्याच्या आणि रक्त तयार करणाऱ्या पेशीही वेगानेच वाढतात. त्याही मरतात. केस गळणे, तोंड येणे, उलट्या, पांढऱ्या पेशी कमी होऊन ताप येणे, हे सगळे त्यातून होते. ज्यांच्या घरात कोणी किमो घेतली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

गेल्या पंचवीस वर्षांत शास्त्रज्ञ एक वेगळा प्रश्न विचारू लागले आहेत. कर्करोगाची पेशी मेलीच पाहिजे का? तिचे वाढणे कायमचे थांबले तर? माणूस म्हातारा झाला की त्याला मूल होत नाही, पण तो जिवंत असतो. तसेच पेशीला औषधाने म्हातारपण आणता येईल का? या लेखात आम्ही त्या शोधाची माहिती देत आहोत. त्वचेच्या कर्करोगात हे काम कुठवर आले आहे आणि त्यातून आपण आज काय घ्यायचे, हेही सांगणार आहोत.

त्वचेचा कर्करोग आणि आपण

‘त्वचेचा कर्करोग गोऱ्या लोकांना होतो, आपल्याला नाही’ असे बरेच जण म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. सावळ्या कातडीत मेलॅनिन नावाचा रंग जास्त असतो आणि तो उन्हातल्या घातक किरणांपासून बराच बचाव करतो. म्हणून उन्हामुळे होणारे त्वचेचे कर्करोग आपल्याकडे कमी. पण ऊन हे एकच कारण नाही.

भाजल्याचा जुना व्रण, वर्षानुवर्षे न भरणारी जखम, सतत घासली जाणारी जागा, इथेही कर्करोग होऊ शकतो. साडीखालच्या परकराची नाडी कमरेला वर्षानुवर्षे करकचून बांधल्याने जखम होऊन पुढे कर्करोग झाल्याची उदाहरणे आहेत. वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये अशा दोन वयस्क महिलांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यातली एक लुगडे थेट कमरेला घट्ट कसून नेसत असे.

या लेखाचा मुख्य विषय आहे मेलानोमा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कर्करोग. त्वचेच्या कर्करोगांत हा तुलनेने कमी आढळतो, पण सर्वांत धोक्याचा आहे, कारण तो लवकर पसरतो. आपल्या देशात तो एकूण कमीच. पण सावळ्या व काळ्या लोकांत तो जेव्हा होतो, तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. जमैकाचे प्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्यावर दुखणे झाले तेव्हा ते फुटबॉल खेळताना लागले असावे असे वाटले होते. १९७७ मध्ये तो नखाखालचा मेलानोमा निघाला. १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

पेशीलाही म्हातारपण असते

आपले शरीर पेशींचे बनले आहे. एका पेशीच्या दोन होतात, दोनच्या चार. जखम भरते ती अशीच. पूर्वी शास्त्रज्ञांना वाटे की नीट पोषण मिळाले तर पेशी काचेच्या भांड्यात कायम अशी वाढत राहील. १९६१ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवले की तसे होत नाही. माणसाची साधी पेशी सुमारे पन्नास वेळा दुभंगते आणि मग थांबते. ती मरत नाही. खाते, श्वसन करते, पण तिच्या पुन्हा दोन पेशी होत नाहीत. यालाच पेशीचे वार्धक्य म्हणतात.

कर्करोगाच्या पेशीने हे थांबणे मोडून काढलेले असते. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे हेन्रिएटा लॅक्स. या गरीब कृष्णवर्णीय महिलेला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होता. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता संशोधनासाठी घेतल्या गेल्या. त्याच वर्षी ती ३१ वर्षांची असताना वारली. तिच्या पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत. त्यांना म्हातारपण आलेच नाही. तिच्या कुटुंबाला ही गोष्ट कळायला वीसेक वर्षे लागली. संमतीचा हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

पेशी थांबते कशी? तिच्यात ब्रेक असतात. पी-५३ आणि पी-१६ ही त्यातल्या दोन महत्त्वाच्या ब्रेकची नावे. पेशीचे नुकसान झाले, तिच्या आत काही बिघडले, की हे ब्रेक दाबले जातात. फार वेळ दाबलेले राहिले की पेशी कायमची थांबते. म्हणजे म्हातारपण केवळ वयानेच येते असे नाही. धोका ओळखूनही पेशी स्वतःला म्हातारी करून घेते. शरीराची ही स्वतःची राखण आहे.

आपल्या अंगावरचा तीळ काय सांगतो

ही राखण पाहायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. आपल्या अंगावर तीळ असतातच.

ब्रिटनमधील सँगर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवले की मेलानोमाच्या अनेक गाठींत ‘बी-रॅफ’ नावाच्या जनुकात एक ठरावीक बिघाड असतो. साधारण निम्म्या मेलानोमात तो सापडतो. या बिघाडाने पेशीला ‘वाढ, वाढ’ असा हुकूम सतत मिळत राहतो. गाडीचा ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहिला तर जे होईल तेच. पुढे लक्षात आले की साध्या, निरुपद्रवी तिळांतही बहुतेक वेळा हाच बिघाड असतो. मग प्रत्येक तिळाचा कर्करोग का होत नाही?

याचे उत्तर २००५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कर्करोग संस्थेतील डॅनियल पीपर यांच्या गटाने दिले. बिघाड झाल्यावर रंगपेशी काही काळ वाढतात, तिळाएवढा ठिपका होतो आणि मग पी-१६ सारखे ब्रेक लागून त्या पेशी म्हाताऱ्या होतात. म्हणून तीळ काही मिलिमीटरचा होऊन तिथेच थांबतो आणि चाळीस-पन्नास वर्षे तसाच राहतो. ज्या पेशीत ॲक्सिलरेटर अडकलेला आहे आणि पुढे ब्रेकही तुटतो, तिथे मेलानोमाचा धोका उभा राहतो.

म्हणजे कर्करोगाच्या वाटेवर निघालेली पेशी थांबवण्याची युक्ती शरीराला आधीच ठाऊक आहे. मग प्रश्न उरतो तो असा : जिथे ब्रेक तुटला आहे, तिथे तो औषधाने पुन्हा लावता येईल का?

असे औषध शोधतात कसे

त्यासाठी शास्त्रज्ञ बहुधा लहान रेणूंची औषधे शोधतात. रेणू म्हणजे पदार्थाचा सर्वांत लहान कण. ॲस्पिरिनच्या रेणूचे वजन हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे १८० पट असते. कर्करोगासाठी सलाईनमधून देतात त्या प्रतिपिंडांचे, म्हणजे अँटिबॉडीचे, वजन सुमारे दीड लाख पट. इतका मोठा रेणू पेशीच्या आत सहज शिरत नाही. लहान रेणू शिरतो आणि आतल्या यंत्रणेला जाऊन चिकटतो. शिवाय त्याची बहुधा गोळी करता येते.

शोधाची रीत साधारण अशी असते. इडलीपात्राला खळगे असतात तशी प्लॅस्टिकची एक ताटली घेतात. तिच्यात ९६ किंवा ३८४ बारीक खळगे असतात. प्रत्येक खळग्यात मेलानोमाच्या पेशी वाढवतात आणि प्रत्येकात वेगळे रसायन थेंबभर टाकतात. अशा शेकडो ताटल्या यंत्राने भरल्या जातात. एका वेळी हजारो रसायने तपासून होतात.

काही दिवसांनी पाहतात. पेशी मेल्या असतील तर ते नेहमीचे मारणारे औषध. पेशी जिवंत आहेत, पण वाढत नाहीत आणि तव्यावर फोडलेल्या अंड्यासारख्या पसरट झाल्या आहेत, तर ही म्हातारपणाची खूण. आणखी एक खूण १९९५ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञ ज्युडिथ कॅम्पिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली. एक विशिष्ट रसायन टाकले की म्हाताऱ्या पेशी निळ्या दिसतात. कोणत्या खळग्यात निळ्या पेशी जास्त, हे कॅमेरा आणि संगणक मोजतात.

खरी परीक्षा यानंतर. औषध धुऊन काढतात आणि वाट पाहतात. पेशी पुन्हा वाढू लागल्या तर त्या म्हाताऱ्या झाल्याच नव्हत्या, नुसत्या झोपल्या होत्या. औषध काढूनही वाढल्या नाहीत तरच ते म्हातारपण. याबरोबर निरोगी पेशींवर तेच औषध टाकून पाहावे लागते. चांगल्या पेशीही म्हाताऱ्या होत असतील तर ते औषध उपयोगाचे नाही. मग उंदरांवर प्रयोग, आणि त्यानंतर माणसांवर टप्प्याटप्प्याने चाचण्या. हजारो रसायनांतून शेवटी एखादेच टिकते. म्हणून याला वर्षे लागतात.

आतापर्यंत हाती काय लागले

पहिले उदाहरण पालबोसिक्लिब. पेशीला दुभंगायला ज्या दोन प्रथिनांचा जोर लागतो, ती ही गोळी रोखते. पी-१६ हा ब्रेक शरीरात नेमके हेच काम करतो. म्हणजे तुटलेल्या ब्रेकच्या जागी बाहेरून आणलेला ब्रेक. २०१५ मध्ये अमेरिकेत तिला एका प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. आता आपल्याकडेही ती वापरली जाते. प्रयोगशाळेत या गोळीने अनेक प्रकारच्या कर्करोग-पेशींना म्हातारपण आलेले दिसले आहे.

मेलानोमात काय? तळहात-तळपायाच्या मेलानोमात ही दोन प्रथिने नियंत्रित करणाऱ्या जनुकांत बऱ्याचदा बिघाड असतो. म्हणून चीनमध्ये अशा, रोग पुढे गेलेल्या, १५ रुग्णांना पालबोसिक्लिब देऊन पाहण्यात आले. तिघांच्या गाठी आकसल्या. बाकीच्यांत तसे झाले नाही. एवढ्यावरून औषध सापडले म्हणता येत नाही. पण मेलानोमावरचे बहुतेक संशोधन गोऱ्या लोकांच्या रोगावर झाले आहे. आपल्यासारख्यांच्या पायाला होणाऱ्या रोगाचा वेगळा विचार करून झालेली ही चाचणी म्हणून आम्हाला महत्त्वाची वाटते.

दुसरे उदाहरण ॲलिसर्टिब. पेशी दुभंगताना आतल्या सामानाची नीट वाटणी करायला ‘ऑरोरा’ नावाची प्रथिने लागतात. त्यातले एक या औषधाने अडते. अमेरिकेतील नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात ॲन रिचमंड यांच्या गटाने रुग्णांच्या मेलानोमाच्या गाठींचे तुकडे उंदरांत वाढवले आणि त्यांना हे औषध दिले. २०१३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की गाठींची वाढ रोखली गेली आणि पेशींना म्हातारपण आले. पुढे पी-५३ हा ब्रेक जागा करणारे दुसरे औषध जोडीला दिल्यावर परिणाम वाढला. हे काम उंदरांतले आहे, हे विसरू नये.

तेव्हा स्पष्ट सांगतो. केवळ पेशीला म्हातारपण आणण्यासाठी म्हणून मान्यता मिळालेले मेलानोमाचे औषध आज बाजारात नाही. आज मेलानोमा लवकर सापडला तर शस्त्रक्रिया हाच मुख्य इलाज आहे. तो पसरला असेल तर प्रतिकारशक्तीला चालना देणारी इंजेक्शने आणि बी-रॅफचा बिघाड रोखणाऱ्या गोळ्या आहेत. अशी पहिली गोळी, वेमुराफेनिब, २०११ मध्ये आली. गाठी झपाट्याने लहान होत, पण बहुतेक रुग्णांत काही महिन्यांनी रोग औषधाला जुमानेनासा होई. नवी वाट शोधण्याची गरज त्यातूनच वाढली.

म्हातारी पेशी गप्प बसत नाही

या वाटेवर एक मोठी अडचण आहे. म्हातारी झालेली पेशी वाढत नाही, पण गप्पही बसत नाही. ती आजूबाजूला अनेक रसायने सोडते. त्यातल्या काहींमुळे दाह, म्हणजे सूज व जळजळ, होतो.

याची एक बाजू चांगली आहे. ही रसायने शरीराच्या संरक्षक पेशींना बोलावून घेतात. ‘इथे बिघडलेली पेशी आहे, घेऊन जा’ असा तो निरोप. संरक्षक पेशी येऊन म्हाताऱ्या पेशी खाऊन टाकतात आणि गाठ साफ होते. उंदरांत असे घडताना दिसले आहे.

दुसरी बाजू वाईट. साफसफाई झाली नाही आणि म्हाताऱ्या पेशी तशाच पडून राहिल्या, तर तीच रसायने शेजारच्या उरलेल्या कर्करोग-पेशींना वाढायला मदत करू शकतात. शिवाय थोड्या पेशी या अवस्थेतून निसटून पुन्हा वाढू लागण्याची भीती असते.

म्हणून आता दोन पायऱ्यांच्या उपचाराचा विचार चालू आहे. पहिल्या औषधाने पेशी म्हाताऱ्या करायच्या, दुसऱ्याने फक्त म्हाताऱ्या पेशी मारायच्या. नेदरलँड्स कर्करोग संस्थेतील रेने बर्नार्ड्स यांच्या गटाने २०१९ मध्ये यकृताच्या कर्करोगावर हे उंदरांत करून दाखवले. त्यात दुसरे औषध म्हणून नैराश्यावरची जुनी गोळी सर्ट्रालिन उपयोगी पडली. म्हाताऱ्या पेशी मारणारे आणखी एक औषध, नेविटोक्लॅक्स, प्रभावी आहे, पण त्याने रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. प्लेटलेट कमी झाल्या की रक्तस्राव थांबत नाही. वॉर्डात काम केलेल्या कोणालाही याचा धोका लगेच कळेल. म्हणून दुसऱ्या पायरीसाठी अजून चांगल्या औषधाचा शोध चालू आहे.

गरिबाला याचा काय उपयोग

लहान रेणूंच्या औषधाचा एक फायदा आपल्यासाठी मोठा आहे. पेटंट संपले की इतर कंपन्या तेच औषध बनवू शकतात. पालबोसिक्लिबचे पेटंट भारतात जानेवारी २०२३ मध्ये संपले. लगेच अनेक भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत बरीच खाली आली. प्रतिपिंडांच्या इंजेक्शनांचा खर्च लाखांच्या घरात जातो आणि त्यांची नक्कल करणेही अवघड. म्हणून या शोधातून उद्या गोळी निघाली, तर ती आपल्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता जास्त आहे.

पण त्याआधी चाचण्या होणार, आणि चाचण्यांसाठी माणसे लागणार. हेन्रिएटा लॅक्सला कोणी विचारले नाही. आपल्याला विचारणे बंधनकारक आहे. भारतात २०१९ चे नवीन औषधे आणि चिकित्सा चाचणी नियम लागू आहेत. चाचणीत सहभागी होण्यापूर्वी आपल्याला कळेल अशा भाषेत सगळी माहिती मिळाली पाहिजे. नाही म्हणता येते. मध्येच बाहेर पडता येते, आणि म्हणून नेहमीचा उपचार बंद करता येत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही देऊ नका. संमतीपत्राची प्रत मागून घ्या. वस्तीतल्या शिकलेल्या मुलाला-मुलीला ते वाचून दाखवायला सांगा.

आणि जाहिरातींपासून सावध राहा. ‘म्हातारपणाच्या पेशी नष्ट करणारी’ क्रीम आणि पावडरी बाजारात आहेत. त्यांचा कर्करोगाच्या इलाजाशी काही संबंध नाही.

आज आपण काय करायचे

मेलानोमा पातळ असतानाच सापडला, तर तो कापून काढता येतो आणि बहुतेक रुग्ण बरे होतात. उशीर झाला तर तो आधी लसिकाग्रंथींत, म्हणजे जांघेत किंवा काखेत, आणि मग फुप्फुसात, यकृतात जातो. अनवाणी किंवा साध्या चपलेने काम करणारे, कचरा वेचणारे, सफाईकाम व बांधकाम करणारे आपले लोक पायाच्या डागाकडे पाहतच नाहीत. पाहिले तर ‘कुरूप झाले’ म्हणून ब्लेडने तासतात, चुना लावतात, बिब्बा घालतात. त्याने जखम होते, डाग झाकला जातो आणि डॉक्टरकडे जायला आणखी उशीर होतो.

महिन्यातून एकदा आंघोळीनंतर उजेडात बसून दोन्ही तळपाय, बोटांच्या मधल्या जागा, तळहात आणि नखे पाहा. म्हाताऱ्या माणसांचे पाय घरातल्या तरुणांनी पाहावेत. खालीलपैकी काही दिसले तर डॉक्टरकडे जा :

— नवा काळा-तपकिरी डाग जो वाढतो आहे, किंवा जुना तीळ जो आता आकार बदलतो आहे.

— डागाची कड वेडीवाकडी आहे, किंवा एकाच डागात दोन-तीन रंग आहेत.

— डागातून रक्त किंवा पाणी येते.

— पायाची जखम किंवा ‘कुरूप’ दोन महिने होऊनही बरे होत नाही.

— एकाच नखावर काळी उभी रेघ आली आहे, ती रुंद होत आहे किंवा रंग नखाबाहेरच्या कातडीवर उतरला आहे. सावळ्या लोकांत अनेक नखांवर फिकट रेघा असणे सहसा साधे असते. एकाच नखावरची बदलणारी रेघ मात्र दाखवावी.

— भाजल्याच्या जुन्या व्रणावर किंवा कमरेच्या नाडीच्या जागी न भरणारी जखम आहे.

सरकारी रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात जा. ‘मलम देतो, बघू’ असे म्हटले आणि महिन्याभरात फरक पडला नाही, तर ‘याचा तुकडा काढून तपासायचा का?’ असे स्वतः विचारा. ‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ हा समज चुकीचा आहे. तुकड्याच्या तपासणीशिवाय निदान होतच नाही. कर्करोग निघालाच तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशनचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. आणि कमरेची नाडी सैल बांधा, किंवा रुंद पट्ट्याचा परकर वापरा. आजपासूनच.